बाबांची बुद्धी परत आली आणि आमची पंचाईत झाली

कोरडा ओढा :
नमस्कार. वर्षानुवर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. तीनेक वर्षांपूर्वी त्यांचं चालणं बदललं. पाऊल उचललंच जायचं नाही, जमिनीला चिकटल्यासारखे पाय घासत पुढे सरकायचे. मग बोलणं संथ झालं. काही विचारलं की उत्तर यायला एवढा वेळ लागायचा की विचारणारा तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असायचा. हिशोब चुकू लागले. आम्ही 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. लघवीवरचा ताबा सुटला तेव्हा कुठे धावपळ केली आणि निदान निघालं एनपीएच (नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस). मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठतं. आठ महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया करून नळी बसवली. चालणं दोन आठवड्यांत सुधारलं. डोकं मात्र सावकाश, चारेक महिने उघडत गेलं. पूर्वीचे सगळे बाबा परत आले असं नाही म्हणणार, पण बरेचसे आले.

आता पंचाईत. मधल्या काळात आम्हाला काही सवयी लागल्या. त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायचं. 'त्यांना कशाला विचारतोस, ते हो म्हणतील.' पैशाअडक्याचं सगळं परस्पर. आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून बोलायचं. बाबांना आता हे सगळं दिसतं. ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

आणि बुद्धिबळ. आम्ही दोघं मी शाळेत असल्यापासून खेळतो. आजारपणात ते वेडंवाकडं खेळायला लागले, म्हणून मी मुद्दाम हरायला लागलो. जिंकले की चेहरा खुलायचा त्यांचा. बाबांना प्रत्येक डाव वहीत टिपून ठेवायची जुनी खोड आहे, ती आजारपणातही सुटली नव्हती. गेल्या आठवड्यात ती वही घेऊन माझ्या खोलीत आले. एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'तेविसाव्या चालीला वजीर इथे कशाला ठेवलास? समोर माझा घोडा होता.' मी म्हटलं, लक्षात आलं नाही. ते म्हणाले, 'बरं.' आणि गेले.

तर विचारायचं असं की त्या काळात माणसाला आपल्यात फरक पडलाय हे आतून कळत असतं का? बाबांना विचारलं तर म्हणतात, मी होतो तसाच होतो, तुम्हीच सगळे सदानकदा घाईत. आणि आता त्यांना खरं सांगावं का?

तिरपागडा :
साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं. चौऱ्याहत्तरी बुद्धी माघारी पहिल्यांदाच ऐकतोय. बाबांना दंडवत.

खडूस आजोबा :
तिरपागडा, ती म्हण ज्याने काढली तो साठीच्या आत गेला असणार. मी ७१ आहे. तुझं शुद्धलेखन मीच तपासतो, विसरू नकोस.

धागाकर्त्यास : सांगा. सगळं सांगा. सविस्तर नंतर लिहितो.

नाडीपरीक्षा :
मेंदूविकारांच्या रुग्णांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून थोडं लिहिते. (हा वैद्यकीय सल्ला नव्हे, नेहमीचंच.)

एनपीएचचं वर्णन कोलंबियातले मेंदूशल्यचिकित्सक सालोमोन हाकिम यांनी केलं, ते १९६५ साली जगापुढे आलं. चालणं, लघवी आणि बुद्धी या तिन्हींत एकत्र बिघाड ही त्याची खूण. कमरेजवळ मणक्यातून थोडं पाणी काढून चालण्यात फरक पडतो का ते बघतात आणि मग नळीचा निर्णय घेतात. बुद्धिभ्रंशाच्या कारणांपैकी जी थोडी उलटवता येतात त्यातलं हे एक. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि चालणं जेवढं सुधारतं तेवढी बुद्धी सुधारेलच असंही नाही. तुमच्या बाबांचं नशीब चांगलं.

आता प्रश्नाबद्दल. १९१४ साली बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 'अ‍ॅनोसोग्नोसिया' हा शब्द काढला. त्यांचे रुग्ण डाव्या अंगाने लुळे पडलेले होते, पण त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. हात उचला म्हटलं तर न उचलताच उचलला म्हणणारे रुग्ण मी स्वतः पाहिलेत. ते खोटं बोलत नसतात. हट्टही नसतो तो. हात हलवणारा भाग बिघडला की हात हलत नाही. 'हात हलला नाही' ही नोंद घेणारा भागही बिघडला की तक्रार करायला आत कुणी उरतच नाही. मोजपट्टीच आखडली तर आखडली हे मोजायचं कशाने?

बुद्धिभ्रंशात आणखी एक गोष्ट असते. २००९ साली मोग्राबी आणि सहकाऱ्यांनी तिला 'अश्मीभूत स्व' म्हटलं. माणसाकडे स्वतःचं एक चित्र असतं, ते आपण रोजच्या अनुभवाने दुरुस्त करत असतो. नव्या चुका स्मरणात नोंदल्याच गेल्या नाहीत की ते चित्र जुनंच राहतं. विचारलं तर माणूस प्रामाणिकपणे जुनं चित्रच वर्णन करतो. 'मी होतो तसाच होतो' हे त्यातलं असू शकेल.

पाटीपेन्सिल :
वाचतेय. नाडीपरीक्षा, मोजपट्टीचं पटलं. सासूबाईंशी तीन वर्षं उगाच भांडले असं वाटायला लागलंय.

मी_माझा_मठ्ठ :
थोडक्यात डनिंग-क्रूगर. ज्याला कमी कळतं त्याला आपल्याला कमी कळतं हेही कळत नाही. आमच्या कार्यालयात या आजाराची साथ आहे.

वजाबाकी :
आलंच ते. आता दहा जण तेच लिहिणार, म्हणून आधीच सांगून टाकतो.

डनिंग आणि क्रूगर यांचा निबंध १९९९ चा. तळातल्या पाव गटाची चाचणीतली प्रत्यक्ष जागा सरासरीने शंभरात खालून बारावी होती आणि त्यांनी स्वतःला बासष्टाव्या जागी धरलं होतं. पण त्याच निबंधात वरच्या गटाने स्वतःला होतं त्यापेक्षा कमी लेखलं, हे कुणी सांगत नाही. दुसरं म्हणजे जो तळाशीच आहे त्याचा अंदाज चुकला तर वरच चुकणार, खाली जागाच नाही. त्यामुळे त्या आलेखातला बराचसा भाग निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे अशी टीका पुढे झाली. आणि तो निबंध निरोगी विद्यार्थ्यांवरचा. बाबांच्या आजाराशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तेवढ्यावर थांबत नाही. २०१२ साली वेस्ट, मेझर्व्ह आणि स्टॅनोविच यांनी पाहिलं की इतरांचा पूर्वग्रह आपल्याला दिसतो आणि स्वतःचा दिसत नाही, हा दोष बुद्धिमान लोकांत कमी नसतो. उलट किंचित जास्तच निघाला. कुसळ-मुसळ बुद्ध्यंक बघून येत नाही.

मी_माझा_मठ्ठ :
घ्या! म्हणजे मी मठ्ठ असल्याने मुसळ दिसण्याची शक्यता जास्त. आयडी सार्थकी लागला.

अर्धविराम :
मी आतल्या बाजूने लिहिते.

चार वर्षांपूर्वी माझी थायरॉइड पार मंदावली होती, जोडीला बी-१२ कमी. निदान व्हायला वर्ष गेलं. व्यवसाय मुद्रितशोधनाचा. म्हणजे शब्द हेच माझं हत्यार आणि तेच सापडेना. एकदा 'पायरी' हा शब्द आठवेना. ते, ते चढायचं असतं ना, असं हातवारे करून सांगत होते. धागाकर्त्याच्या बाबांना कळत नव्हतं असं दिसतं. मला मात्र सगळं कळत होतं. दुसऱ्यांचा विनोद माझ्यापर्यंत अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचायचा, म्हणून मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत हसायचे. फोन घेणं सोडलं, कारण फोनवर तोंड दिसत नाही. मैत्रिणींना वाटलं शिष्ट झाली. तो गैरसमज मी दूर केला नाही. मंद वाटण्यापेक्षा शिष्ट वाटलेलं परवडलं.

नवरा माझी वाक्यं पूर्ण करायला लागला. प्रेमानेच. गोळ्या सुरू झाल्या, सात-आठ महिन्यांत मी पूर्ववत झाले, आणि हा अजून माझी वाक्यं पूर्ण करतोय. वाक्य माझं, पूर्णविराम त्याचा. सांगितलं तर म्हणाला, 'मी असं करतो?' खरंच माहीत नव्हतं त्याला.

तेव्हा अभान रुग्णालाच होतं असं धरून चालू नका.

कोरडा ओढा :
अर्धविराम, तुमची शेवटची ओळ लागली. परवा हिने मला सांगितलं की मी बाबांशी अजूनही कमरेत वाकून बोलतो. मला पत्ता नव्हता.

नाडीपरीक्षा :
अर्धविराम, हा फरक महत्त्वाचा. थायरॉइडमध्ये एकूण वेग मंदावतो, पण स्वतःवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बहुधा शाबूत असते, त्यामुळे माणसाला आपली घसरण दिसते आणि तो ती लपवतो. कपाळामागचा भाग पोखरणारे जे बुद्धिभ्रंश आहेत त्यांत उलटं. स्मरणशक्ती सुरुवातीला ठाकठीक, पण भान आणि दुसऱ्याबद्दलचा कळवळा आधी जातो. घरचे म्हणतात, 'स्वभाव बदलला, बुद्धी तल्लख आहे.' ती घरं आधी माणसांपासून तुटतात, मग डॉक्टरांकडे येतात.

इतिहासाचा तास :
इथे फिनिअस गेजचं नाव आलं नाही हे आश्चर्य. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हर्मांट राज्य, रेल्वेच्या कामावर सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि तीन फूट सात इंच लांबीची लोखंडी पहार त्याच्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. माणूस वाचला. चालत-बोलत होता. पण मित्र म्हणू लागले, हा आता गेज राहिला नाही. हट्टी, शिवराळ, एका गोष्टीवर न टिकणारा. बुद्धी शिल्लक आणि माणूस गेला, याचं हे पहिलं गाजलेलं उदाहरण.

वजाबाकी :
गोष्ट तिथेच थांबवतात सगळे. तोच गेज पुढे चिलीला गेला आणि कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. उतारू, सामान, वेळापत्रक, अवघड रस्ते. 'माणूस गेला' असं असतं तर दोन दिवसांत हाकलला असता. बांधीव दिनक्रम मिळाल्यावर तो बराच सावरला असावा असं आता मानतात. गोष्ट मात्र जुन्या मित्रांचीच सांगितली जात राहिली.

तिरपागडा :
म्हणजे अश्मीभूत स्व गेजचा नव्हता, अश्मीभूत गेज मित्रांचा होता.

नाडीपरीक्षा :
तिरपागडा, गंमत म्हणून लिहिलंत पण अगदी बरोबर लिहिलंत.

परतीचा पाऊस :
सगळे बुद्धी कमी होण्याबद्दल बोलताहेत. वाढल्यावर काय होतं ते मी सांगतो.

आम्ही तिघे भाऊ. मी मधला. शाळा अर्धवट सोडलेली, ती वयाच्या एकतिसाव्या वर्षी पुन्हा धरली. बाहेरून परीक्षा दिल्या, पदवी घेतली, पुढेही शिकलो. एक वर्ष जास्त शिकल्याने बुद्ध्यंक १ ते ५ गुणांनी वाढतो असं २०१८ च्या एका मोठ्या संकलित अभ्यासात आहे, सहा लाखांवर माणसांची माहिती त्यात होती. माझा किती वाढला देव जाणे. पण काहीतरी वाढलं हे निश्चित, कारण पूर्वी ज्या गप्पांत रात्र सरायची त्यात मला दहा मिनिटांत चुका दिसायला लागल्या. आणि मी त्या दाखवायला लागलो.

मोठ्या भावाने एके दिवशी वाक्याची सुरुवात केली, 'तुला माहीतच असेल, पण...' त्यानंतर तो माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य असंच सुरू करतो. तुला माहीतच असेल, पण आज ऊन फार आहे. तुला माहीतच असेल, पण पाठ दुखतेय. आधी मला तो टोमणा वाटायचा. फार उशिरा कळलं की तो घाबरतोय. लहानपणी ज्याने मला खांद्यावर घेतलं तो माझ्यापुढे बोलायला घाबरतो.

मी शिकल्याचा पश्चात्ताप करत नाही. पण ज्या डोक्याने त्याच्या बोलण्यातल्या चुका दिसल्या त्याच डोक्याने त्याच्या तोंडावरचं भय दिसायला नऊ वर्षं लागली.

मी_माझा_मठ्ठ :
याला बुद्धी वाढणं नाही, शिंगं फुटणं म्हणतात. (ह. घ्या.)

परतीचा पाऊस :
हलकेच घेतलं. खरंही आहे.

वजाबाकी :
थोडा विरोध नोंदवतो. बुद्धी इतकी वरखाली होत नसते. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी ११ वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांची एकाच दिवशी चाचणी घेतली होती, ८७,४९८ मुलं. सहासष्ट वर्षांनी त्यातल्या काहींना शोधून तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा क्रम बराचसा टिकून होता. अकराव्या वर्षी पुढे असणारे सत्तरीतही साधारण पुढेच.

अर्धविराम :
क्रम टिकला. पातळी टिकली असं कुठे म्हटलंय? सगळेच मिळून दोन पायऱ्या खाली आले तरी क्रम तसाच राहील. आणि नातं क्रमाशी नसतं हो, समोरच्या एका माणसाशी असतं. (पायरी हा शब्द आता पटकन आठवतो, बघा.)

वजाबाकी :
मुद्दा मान्य.

खडूस आजोबा :
वजाबाकीने मुद्दा मान्य केला! तारीख लिहून ठेवा.

निशाचर :
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मला द्विध्रुवी विकार (बायपोलर) आहे. उन्मादाच्या काळात मला वाटतं की माझी बुद्धी दसपट झाली. तसा नुसता भास म्हणून सोडून देता येत नाही, खरंच सगळं लख्ख दिसतं, सगळ्याचा सगळ्याशी संबंध लागतो आणि बाकीची माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी मंद वाटतात. एका मित्राच्या प्रबंधावर मी रात्री तीनला चाळीस पानी पत्र लिहून पाठवलं. तुला विषयच कळलेला नाही, मी सांगतो.

बरं वाटल्यावर ते पत्र वाचलं. अर्ध्याअधिक वाक्यांना क्रियापद नाही. मित्राने मैत्री तोडली नाही, पण तेव्हापासून मी काहीही जरा उत्साहाने बोललो की तो माझे डोळे बघतो. झोपलायस ना, विचारतो. आनंदाने बोलायची चोरी झालीय मला. तोही चुकीचा नाही.

सांगायचं काय, तर बुद्धी वाढल्याची भावना आणि बुद्धी वाढणं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

पाटीपेन्सिल :
निशाचर, लिहिलंत हे फार बरं केलंत.

दीड_वर्षाची_आई :
यावरून आठवलं. २००३ चा झोपेवरचा प्रयोग आहे. दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलेल्या लोकांची चाचणीतली कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती. पण पहिल्या काही दिवसांनंतर 'मला फार झोप येतेय' असं ते म्हणेनासे झाले. आपण सरावलोय अशी त्यांची समजूत. मी सध्या रोज सहा तास झोपते आणि मला वाटतं माझं उत्तम चाललंय. काल मोबाईल शोधत होते, मोबाईलच्याच उजेडात.

तिरपागडा :
सापडला का?

दीड_वर्षाची_आई :
नवऱ्याला फोन करून विचारलं, कुठे ठेवलाय. त्याच मोबाईलवरून.

संपादक मंडळ :
अवांतर आवरतं घ्या. वाचताना आम्हीही हसलो हे मान्य.

मधली सुट्टी :
इथे एक गृहीतक सगळीकडे आहे, की कमी बुद्धी म्हणजे कमी भान. माझ्या बहिणीबद्दल लिहिते.

ती ३८ वर्षांची आहे, जन्मापासून बौद्धिक अक्षमता. बेरीज जमत नाही, घड्याळ कसंबसं कळतं. पण कोण तिच्याबरोबर हसतंय आणि कोण तिला हसतंय हे तिला खोलीत शिरताच कळतं. मला अजून कळत नाही. एकदा घरी आलेल्या बाईंनी तिच्या डोक्यावरून मला विचारलं, 'हिला कितपत कळतं?' हीच म्हणाली, 'तुम्ही बोललात तेवढं.' बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

लहानपणी आम्हाला वाटायचं तिला वाईट वाटत नाही. ती हसायची ना. पंचविशीत एकदा तिने सांगितलं की शाळेत हसलं की लवकर सोडून द्यायचे, रडलं की जास्त वेळ चिडवायचे. म्हणून हसायचे. हे गणित तिने एकटीने सोडवलं होतं, ज्या शाळेत तिला गणितात शून्य मिळायचं.

धागाकर्त्याला एवढंच सांगेन, तुमच्या बाबांना तेव्हा 'काय कळतंय' असं समजून जे बोललात त्यातलं काही पोचलंच नाही अशा भ्रमात राहू नका.

नाडीपरीक्षा :
मधली सुट्टी, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. चाचण्या ज्याला बुद्धी म्हणतात तो एक भाग झाला. दुसऱ्याचं मन ओळखणं बरंचसं वेगळ्या वाटेने चालतं. गटांवरचा २०१० चा एक अभ्यास आहे, वुली आणि सहकाऱ्यांचा, ६९९ माणसं. गट किती हुशारीने काम करतो हे त्यातल्या माणसांच्या सरासरी बुद्ध्यंकावर फारसं ठरत नव्हतं. चेहरे वाचता येणारी माणसं गटात आहेत का आणि बोलायची पाळी सगळ्यांना सारखी मिळते का, यावर जास्त ठरत होतं.

अर्धविराम :
पाळी सारखी. हे मोठ्या अक्षरात छापून घरात लावते.

सांजवात :
माझ्या आईला अल्झायमर होता. सात वर्षं सांभाळलं. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं त्या अल्झायमर डॉक्टरांची या आजाराची पहिली रुग्ण ऑगस्टे डेटर, १९०१ साली त्यांनी तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. ती अडखळली आणि म्हणाली, मी हरवले आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चटका बसला, कारण आई नेमकं तेच म्हणायची, फक्त शब्द वेगळे. 'मला कुठेतरी ठेवून आलात का तुम्ही?' म्हणजे भान अगदी गेलेलं नव्हतं. सकाळी असायचं, संध्याकाळी नसायचं. सकाळचे ते दोन तास जास्त कठीण जायचे, तिला आणि मलाही.

दुसरं सांगायचं ते असं. २०१० मध्ये फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्मृती गेलेल्या काही रुग्णांना दुःखी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं हे त्यांना आठवेना, पण उदासी तशीच होती. कशामुळे वाईट वाटतंय ते माहीत नाही, नुसतं वाईट वाटतंय. मी आईवर चिडले की ती विसरून जायची आणि मला हायसं वाटायचं. मग तो अभ्यास वाचनात आला. त्यानंतर नाही वाटलं हायसं.

कोरडा ओढा :
सांजवात, अंगावर काटा आला. बाबांना त्या दोन वर्षांतले प्रसंग फारसे आठवत नाहीत. पण परवा सहज म्हणाले, 'तेव्हा तुम्ही सगळे माझ्यावर कशावरून रागावला होता?' आम्ही रागावलो नव्हतो. निदान आम्हाला तसं वाटत नव्हतं.

खडूस आजोबा :
आता सविस्तर.

निवृत्त झालो त्या वर्षापासून मुलगा माझी बिलं 'एकदा नजरेखालून' घालतो. चूक सापडलेली नाही, तरी घालतो. घरात माझ्याबद्दल माझ्यासमोर तृतीयपुरुषी बोललं जातं. 'त्यांना झेपणार नाही.' अरे, मी द्वितीयपुरुष आहे, समोर बसलोय! व्याकरण शिकवलंय मी तुम्हाला.

त्या मानाने मुद्दाम हरणं बरं, असं काही जण म्हणतील. मी म्हणतो वाईट. लहान मुलाशी आपण हरतो ते ठीक, पोर वर चढत असतं. मोठं झाल्यावर त्याला कळतं आणि ते हसतं. म्हातारा खाली उतरत असतो. त्याला कळलं तर त्याने कोणत्या तोंडाने हसावं? तरी सांगा. बाबांना कळलेलं आहे. 'बरं' म्हणून उठून गेले त्याचा अर्थ दुसरा काय? आता ते तुमची वाट बघताहेत.

पाटीपेन्सिल :
आजोबा, थोडी असहमत. त्या वेळी तेच प्रेम होतं. हरवून काय मिळवलं असतं? आजारी माणसाला रोज त्याची घसरण दाखवायची?

खडूस आजोबा :
तेव्हाचं मी काही म्हणत नाही. आता 'लक्षात आलं नाही' म्हणाला, ते मला खटकलं. आजारी माणसाशी खोटं बोलला तेव्हा तो मुलगा होता. आता मात्र बऱ्या झालेल्या माणसाशी खोटं बोलला.

पाटीपेन्सिल :
हं.

परतीचा पाऊस :
आजोबांशी सहमत. माझ्या बाबतीत उलट दिशेने तेच झालं. भाऊ मला 'चूक' म्हणेना म्हणून मी त्याचा धाकटा भाऊ उरलो नाही, पाहुणा झालो.

कोरडा ओढा :
दहा दिवसांनी येतोय. काही जणांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलं, म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहितो.

बोललो. रविवारी दुपारी, बाकीचे झोपले होते. खुर्ची ओढून शेजारी बसलो (वाकून नाही) आणि म्हटलं, बाबा, त्या वहीतले डाव मी मुद्दाम हरत होतो. पैशांच्या निर्णयांचंही सांगितलं, कोणते तुम्हाला न विचारता घेतले ते. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'पैशाचं ठीक केलंत. ती एक ठेव मोडायला नको होती, पण ठीक.' तेवढंच.

बुद्धिबळावर काहीच बोलले नाहीत. उठून वही घेऊन आले. त्या दोन वर्षांत आम्ही ५८ डाव खेळलो, त्यातले ५२ ते जिंकले होते. त्या जिंकलेल्या प्रत्येक डावाशेजारी लाल पेनाने खूण होती. म्हणजे मी कबुली द्यायच्या आधीच त्यांनी सगळी वही तपासून ठेवली होती. पंचेचाळीस डावांत एकेका चालीभोवती गोल होता, मी मुद्दाम चुकलो ती चाल. एकही निसटलेली नव्हती. काही ठिकाणी तर मला आठवत नव्हतं, पण बघितल्यावर कळलं की हो, इथेच सोडला.

उरलेल्या सात डावांना गोल नव्हता. मी म्हटलं, हे राहिले. तर म्हणाले, 'राहिले नाहीत. या सातांत तू हरायचं ठरवायच्या आधीच हरलेला आहेस.'

मी नाही म्हटलं. मला पक्कं माहीत होतं की मी सगळे सोडले होते. त्या आजारी माणसाने मला खरोखर हरवलं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं कधी. रात्री त्यातले तीन डाव संगणकाला घालून पाहिले. तिन्हींत बाबा बरोबर निघाले. एका डावात तर पंधराव्या चालीपासूनच मी गाळात होतो.

नाडीपरीक्षा :
चढ-उतार असतात या आजारात, चांगले दिवस असतात. पण ते राहू दे. काय वाटलं ते शब्दांत मांडता येत नाहीये.

वजाबाकी :
उरलेले चारही तपासा. सातातले तीन हा फार लहान नमुना झाला.

मधली सुट्टी :
'तुम्ही बोललात तेवढं.'

खडूस आजोबा :
बाबांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, या बाजूला एक रिकामा पट आहे, नोंद ठेवण्याच्या अटीवर.

तिरपागडा :
कोरडा ओढा, तो पंधराव्या चालीपासूनचा डाव इथे टाका ना. आम्हीही बघू.

कोरडा ओढा :
टाकणार नाही.